न आलेला निरोप

मंगळवार होता. आईने परडी हातात घेतली. मी दाराशी गेलो आणि तिच्याशी बोललो. तिने परडी देव्हाऱ्यात ठेवली. त्यानंतर ती परडी घेऊन उंबऱ्याबाहेर गेली नाही.

दाराशी मी काय बोललो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीलाही नाही. आई जाऊन आता वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाच्या आधी हे लिहून व्हावं असं मनात आहे — पण लिहायला बसलो की मी टेबलावरची पुस्तकं सरळ लावू लागतो. उभा जन्म कॉलेजात ग्रंथपाल होतो. हात मोकळे राहिले की पुस्तकांकडे जातात. तेव्हा सावकाश सांगतो. तुम्ही ऐकून घ्या, एवढं पुरे.

आमचं गाव वैजापूरच्या बाजूचं. घरात तुळजापूरच्या भवानीची परडी. परडी म्हणजे वेताची उथळ टोपली. तीत हळदकुंकू, कवड्यांची माळ, देवीचा टाक. आईला ती तिच्या सासूकडून आली. जिच्याकडे परडी, तिने मंगळवारी पाच घरी जोगवा मागायचा. दारात उभं राहून ‘आई राजा उदो उदो’ म्हणायचं, आतली बाई मूठभर पीठ आणून घालते. त्या पिठाची भाकरी करायची, देवीला दाखवायची आणि घरातल्यांनी खायची. घरात धान्याची पोती असली तरी मागायचंच. आपण कुणी मोठे नाही हे ध्यानात राहावं म्हणून, असं आई सांगायची. मला वाटतं, तिला त्या निमित्ताने चार दारं फिरायलाही आवडायचं.

वडील गेल्यावर मी तिला शहरात आणलं. सिडकोतलं आमचं रो-हाऊस, एकाला एक लागून घरं, पण कुणाचं दार उघडं नाही. मला वाटलं होतं, इथे तिचा जोगवा आपोआप सुटेल. पहिल्याच मंगळवारी ती पाच घरं गाठून आली. चौथं घर साळवेबाईंचं. त्यांच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. त्या दारातच म्हणाल्या, “आजी, आम्ही देवी मानत नाही.”

“तू नको मानू,” आई म्हणाली. “पीठ तर मानतीस ना?”

साळवेबाई हसत आत गेल्या आणि वाटीभर पीठ घेऊन आल्या. पुढे त्या मंगळवारी वाटी भरूनच ठेवायच्या. आईला यायला उशीर झाला तर त्याच आमच्या फाटकाशी येऊन विचारायच्या, आज देवीला सुट्टी आहे का?

आई देवीशी बोलायची. हात जोडून, डोळे मिटून नव्हे — काम करता करता. “भवाने, ह्या गॅसला काय झालं बघ जरा.” “लई ऊन लावलंस आज, जीव घेतीस का काय?” कधी रुसायची, कधी स्वतःशीच हसायची, आणि विचारलं तर सांगायची नाही. तिच्या बोलण्यात भीती कधी ऐकली नाही. एखादी बाई वाडीवस्तीवरच्या जुन्या मैत्रिणीशी बोलते ना, तसं. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेला असायचो आणि ते सगळं माझ्या कानावर पडायचं.

त्याच दिवसांत मी व्याख्यानंही द्यायचो. रविवारी एका वाचनालयात आम्ही दहा-वीस माणसं जमायचो. माझा आवडता विषय होता — देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ कशाला? पुजारी नको, महाराज नको, पापाची भीती घालणारा कुणीच नको, थेट बोला. लोक माना डोलवायचे. ती गोष्ट माझ्या स्वयंपाकघरात रोज घडत होती, आणि मला तिथे काय दिसत होतं? टोपली. पीठ मागणारी म्हातारी. माझी आई.

आमच्या प्राचार्यांचं घर मागच्याच गल्लीत. आईच्या पाच घरांतलं ते एक होतं, हे मला ठाऊक नव्हतं. स्नेहसंमेलनाच्या चहाला त्यांच्या मिसेस सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, “सर, तुमच्या आई येतात हं आमच्याकडे पिठाला. मी यांना म्हटलं, ग्रंथपालांचा पगार वाढवा काहीतरी.” सगळे हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आईला त्या मूठ नाही, ओंजळ भरून पीठ घालायच्या, हे मला नंतर कळलं. मीही हसलो. चहा अर्धाच ठेवून घरी निघालो.

आईला सरळ सांगता आलं असतं — मला लाज वाटते, नको जाऊस. ती थांबली असती का? कदाचित थांबली असती. कदाचित म्हणाली असती, तुझी लाज तू सांभाळ. पण मग लाज माझी आहे हे तिला कळलं असतं. मला ते नको होतं. मला लाजेपासूनही सुटायचं होतं आणि चांगला मुलगाही राहायचं होतं.

थोड्याच दिवसांत एका कामासाठी सोलापूरला गेलो. येताना तुळजापूरला उतरलो. रांग मोठी होती. मी कळसाला हात जोडले, बाहेरच्या दुकानातून कुंकू घेतलं आणि परतीच्या एसटीत बसलो. आमच्या घराण्याचे पुजारी तिथे आहेत, पिढ्यान् पिढ्यांचे. त्यांचा शब्द आमच्या घरात कुणी मोडत नाही. त्यांना मी भेटलो नाही.

आणि मंगळवारी, आई परडी घेऊन निघाली तेव्हा, मी दाराशी जाऊन तिला म्हणालो की पुजारी भेटले होते. त्यांनी निरोप दिला आहे. तुमच्या आईची सेवा देवीला पोचली, आता तिने दारोदार फिरू नये, परडीची पूजा घरातच करावी.

आई थांबली. तिने विचारलं, हे पुजारी म्हणाले का देवी म्हणाली?

इथे मागे फिरता आलं असतं. पण खोट्याला एकदा तोंड फुटलं की ते आपल्याला विचारत नाही. मी म्हणालो, पुजाऱ्यांना दृष्टांत झाला. देवी त्यांच्या स्वप्नात आली आणि तिने सांगितलं.

आई माझ्याकडे बघत राहिली. संशयाने नाही. तिला काहीतरी खरोखरच कळत नव्हतं. मग म्हणाली, “मंग मला का नाय सांगितलं तिनं? मी तर रोज बोलते तिच्याशी.”

त्यावर मी एक वाक्य बोललो. तेच सांगायला बसलो आहे, आणि तिथे येईपर्यंत किती वळसे घेतो आहे, तुम्ही बघताच आहात.

विद्याने — माझ्या बायकोने — त्या दिवशी दुपारी भाजी निवडता निवडता विचारलं, “पुजारी कधी भेटले तुम्हाला? तुम्ही तर म्हणालात, गर्दी होती म्हणून बाहेरूनच निघालो.” मी म्हणालो, बाहेरच भेटले. तिने मान खाली घातली आणि मेथीची जुडी सोडली. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. आम्ही दोघांनी त्या न विचारण्यात बरीच वर्षं काढली.

आईचा जोगवा थांबला. आधी मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगायला हवं. साळवेबाई दोन-तीन मंगळवार फाटकाशी आल्या. आई आतूनच म्हणाली, देवीनंच नको म्हटलंय बाई आता. साळवेबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र उलटलं.

मग हळूहळू घरातला तो आवाज गेला. गॅस बिघडला तरी ती भवानीला हाक मारेना. देव्हाऱ्यासमोर बसायची, पण डोळे मिटून, हात जोडून, जसं लोक बसतात तसं. ओठ हलायचे, शब्द ऐकू यायचे नाहीत. तिने चहातली साखर सोडली. मग चप्पल सोडली. शनिवार धरला, गुरुवार धरला. आणि जुन्या गोष्टी उकरू लागली. बहिणीच्या वेळी ती बाळंतीण असताना परडीला कुणाचा हात लागला होता का? वडिलांच्या सुतकात टाक झाकायचा राहिला का? दुष्काळात एक वर्ष तुळजापूर चुकलं, ते तर नसेल? ती मला विचारायची, आणि मी — थेट देवाचा व्याख्याता — म्हणायचो, असेल, काय माहीत.

कुणीतरी तिला एका महाराजांचं नाव सांगितलं. मी तिला स्कूटरवर मागे बसवून क्रांती चौक ओलांडून तिकडे नेलं. एकदा नाही, कितीतरी वेळा. ते दोष सांगायचे आणि त्यावर उपाय सांगायचे. दर वेळी नवा दोष निघायचा. आई पदर सावरून रांगेत बसायची, मी बाहेर स्कूटरपाशी उभा असायचो. जी बाई देवीला ‘जीव घेतीस का’ म्हणून दटावत होती, ती आता देवीच्या मनात काय आहे ते परक्या माणसाला विचारत होती. आणि हे दार तिला दाखवलं कुणी?

आता ते वाक्य.

आईने विचारलं होतं, मला का नाही सांगितलं तिने. आणि मी म्हणालो, “तुझ्याकडून काही चुकलं असेल, आई. म्हणून तुझ्याशी नसेल बोलत.”

एवढंच. मी आवाज चढवला नव्हता. उलट समजावणीच्या सुरात, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो. मला फक्त तिचा प्रश्न बंद करायचा होता, आणि तो बंद झाला. तिने परडी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.

तुम्ही म्हणाल, घाईत निघून गेला शब्द. नाही. निघून गेलेला शब्द परत घेता येतो. मी तो वर्षानुवर्षं तसाच राहू दिला. शेवटच्या दुखण्यात ती दवाखान्यात होती. खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं, मी मोसंबी सोलत होतो. विद्या बाजूच्या स्टुलावर. आईचं बोलणं तोवर पुसट झालं होतं, पण हे स्पष्ट बोलली — “काय चुकलं असंल रं दिगू माझं? तुला तरी काय वाटतं?”

तुला तरी. तिने माझ्यापर्यंत येण्याआधी सगळीकडे विचारून पाहिलं होतं.

मी काय करायचं होतं? एक वाक्य. काही चुकलं नाही आई, मी खोटं बोललो होतो. त्याला किती वेळ लागला असता? पण विद्या तिथे होती. शेजारच्या पलंगावरची माणसं होती. मी मोसंबीची फोड तिच्या ओठाशी धरली आणि म्हणालो, बोलू नकोस, दम लागेल. तिने फोड घेतली. दोन दिवसांनी ती गेली.

पैठणला दहावा केला. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. नातेवाईक समाधानाने म्हणाले, म्हातारीचं काही मागे राहिलं नव्हतं. मीही मान हलवली.

नंतर एकटाच तुळजापूरला गेलो. या वेळी पुजाऱ्यांना खरोखर भेटलो. जुने वारले होते, त्यांचा मुलगा होता. सगळं सांगायचं म्हणून गेलो आणि निम्मंच विचारलं — जोगवा सोडा असं तुम्ही कुणाला सांगता का? तो म्हणाला, “नाही हो. आम्ही कोण सांगणार? ते त्या बाईचं आणि देवीचं.” मग माझा चेहरा बघून म्हणाला, काही मनाला लागलं असेल तर अभिषेक करू, दोष निघून जाईल. पोरगा मायाळू होता. मी नको म्हणालो. त्या दोघींच्या मध्ये मी एक खोटा माणूस उभा केला होता. आता माझ्या आणि देवीच्या मध्ये खरा उभा करून काय साधणार होतं? आणि दोष निघून जावा, हे मागायला माझी जीभ रेटली नाही.

घरी आलो. स्वयंपाकघरात उभा राहिलो, देव्हाऱ्यासमोर नाही. विद्या बाहेर गेली होती. आई म्हणायची तसं म्हणून पाहिलं — भवाने. माझ्या तोंडी ते परकं वाटलं. तरी सांगितलं, पहिल्यापासून, त्या वाक्यासकट. उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली असंही नाही. व्याख्यानात मी सांगायचो, थेट बोललं की मन हलकं होतं. तसं काही झालं नाही.

साळवेबाई अजून चौथ्या घरात राहतात. परवा फाटकाशी भेटल्या, म्हणाल्या, मंगळवारी अजून हात पिठाच्या डब्याकडे जातो बघा.

परडी देव्हाऱ्यात आहे. विद्या तिची पूजा करते. कवड्या पुसून परत ठेवते. मी मंगळवारी, विद्या घरात नसताना, स्वयंपाकघरात उभा राहतो आणि जे केलं ते मोठ्याने बोलतो. देवीला सांगून झालं आहे. आईला सांगायचं राहिलं.