पडद्यावर मरायचं नाही

माझ्या धाकट्या भावाबद्दल लोकांनी काय काय छापलं, त्याची मला आता चीड येणंही थांबलंय. गायक आणि नट लुक चिंग-हो म्हणजे आमचा आ-हो. इतक्या सिनेमांत काम केलं, पण चाळिशी येईपर्यंत एकातही मेला नाही. कुणी म्हणे त्याला भलता गर्व होता, कुणी म्हणे त्याच्या चाहत्या बायका थिएटर जाळतील म्हणून निर्माते घाबरायचे. खरं कारण वाँग ताय सिन वस्तीतल्या रस्त्यावर गाडी लावून तांदळाच्या वाफवलेल्या वळकट्या विकत होतं, आणि गिऱ्हाइकानं तिळाची चटणी जास्त मागितली की त्याच्यावर डोळे वटारत होतं. ती आमची आई. वडील चार भावांत चौथे, म्हणून सगळी वस्ती तिला चौथी काकू म्हणायची. वडील बोटीवर खलाशी म्हणून गेले ते परत आले नाहीत. त्यांचं पुढे काय झालं ते कधी कळलं नाही, आणि आईनं आम्हांला विचारूही दिलं नाही.

वाँग ताय सिनला येण्याआधी आम्ही डायमंड हिलच्या उतारावर लाकडी झोपड्यांत राहायचो. खाली सिनेमाचा स्टुडिओ होता. गर्दीचा प्रसंग असला की त्यांचा माणूस वर यायचा आणि हाताला लागतील ती पोरंबाळं घेऊन जायचा. एकदा पुराचा सिनेमा होता आणि फळीवर वाहून आलेलं मेलेलं पोर हवं होतं. आमचा थोरला, आ-सुम, त्यासाठी निवडला गेला. आ-हो तेव्हा आईच्या पाठीवर बांधलेला असायचा आणि मी तिचा पदर धरून, म्हणजे सदऱ्याचं टोक धरून, उभी असायचे. आ-सुम इतका निपचित पडला की दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या. मेलेल्याचं काम करणाऱ्याला आमच्याकडे लाल पाकिटात पैसे देतात. ते घरी न्यायचे नसतात, वाटेतच उडवायचे असतात, म्हणजे अपशकुन बाहेरच्या बाहेर जातो. हे आईला माहीत होतं. आ-सुम गोळ्या विकणाऱ्यापाशी हट्ट धरून बसलाही होता. पण घरात तांदूळ नव्हता आणि वाण्याचं दुकान त्या दिवशी बंद होतं. गोळ्यांवर पैसे उधळायचं तिच्या जिवावर आलं. उद्या तांदूळ घेऊ म्हणून तिनं पाकीट कमरेला खोचलं आणि आ-सुमला ओढत वर आणलं.

त्याच हिवाळ्यात घटसर्प झाला आणि आ-सुम गेला.

आई देवळापाशी बसणाऱ्या ज्योतिष्याकडे गेली. मी बरोबर होते. त्यानं तिचा हात पाहिला, मग आ-होकडे पाहिलं.

"बाई, तुमच्या हाताला मुलगे लाभत नाहीत. ह्याला आई म्हणू देऊ नका. काकू म्हणू दे. तुम्ही त्याची आईच नाही म्हटल्यावर तुमचं नशीब त्याच्यापर्यंत पोचणार कसं?"

यात नवल काहीच नव्हतं. आमच्या शेजारचा पोरगा सख्ख्या बापाला मामा म्हणायचा, आणि बाप आनंदानं ओ द्यायचा. मी ज्योतिष्याला विचारलं, "मग मी काय म्हणू?"

"मुलीचं काही नसतं. तू म्हण तुला हवं ते."

मी तेव्हापासून त्या माणसाचा राग राग करते. पण आईनं त्याचं ऐकलं नाही. पाय आपटत घरी येताना ती म्हणाली, "एक गेला. आता उरलेल्याच्या तोंडूनही काकू ऐकायचं असेल, तर वळकट्या विकायला तरी कशाला उठू?" तिनं स्वतःचा वेगळा तोडगा काढला. हा मुलगा मेल्याचं सोंग कधीही घेणार नाही, खेळातसुद्धा नाही. चोर-शिपाई खेळताना तो गोळी लागून पडला, तर ती झारा घेऊन धावायची आणि मारणाऱ्यालाही बडवायची. वस्तीतली पोरं शेवटी त्याला खेळायलाच घेईनात. मग तो कोपऱ्यात बसून रेडिओवरची गाणी म्हणायचा. गायक झाला तो असा.

गळा देवानं दिलेला होता. चहाघरातल्या स्पर्धेत पहिला आला, तबकडी निघाली, टॅक्सीत, न्हाव्याकडे, मासळीबाजारात त्याचाच आवाज ऐकू येऊ लागला. मग सिनेमा आला. पहिल्याच सिनेमाच्या शेवटी नायकाला गोळी लागायची होती. आई गाडीवरचं स्टूल काखेत मारून स्टुडिओत गेली आणि कॅमेऱ्यासमोर मांडून बसली.

"काकू, हे सिनेमातलं मरण आहे हो," निर्माता हात जोडून म्हणाला. "पुढच्या मिनिटाला उठून चहा पिईल तो."

"मग आधीच चहा पाजा. ह्याला तुरुंगात घाला, मुस्काटात मारा, पोरगी दुसऱ्याशी पळू दे. माझं काही म्हणणं नाही. पण मरणार नाही."

"आणि प्रेक्षकांना काय सांगू?"

"सांगा, ह्याची आई बाहेर बसलीय."

शेवटी गोळी दंडाला लागली. पुढेही दंडालाच लागत राहिली. मासिकांनी चित्र काढलं, सगळं अंग धड आणि एका दंडाला पंचवीस पट्ट्या. त्याऐवजी त्याचा मित्र मरायचा, आणि आ-हो त्याचं डोकं मांडीवर घेऊन गायचा. बायका रुमाल भिजवायच्या. त्याच्या मांडीवर मरायला मिळावं म्हणून नट रांग लावतात, असं तोच हसत सांगायचा. त्या दिवसांत आम्ही सगळेच हसत होतो. त्यानं आईला फ्लॅट घेऊन दिला. ती तिथे झोपायला जायची आणि पहाटे पुन्हा गाडीवर हजर व्हायची.

मग वारं फिरलं. लोकांना शेवटी मरणारे नायक आवडू लागले. चांगल्या भूमिका, ज्यांच्यावरून माणूस लक्षात राहतो, त्या एकेक करून दुसऱ्यांकडे गेल्या. आ-होला कुणी विचारेना. चाळिशी आली, बायको मुलीला घेऊन कॅनडाला निघून गेली, आणि तो लग्नाच्या मेजवान्यांत गाऊ लागला. वाफवलेला मासा आला की त्याचं गाणं सुरू व्हायचं आणि भात यायच्या आत संपवावं लागायचं. एकदा मी स्वतः पाहिलं, नवरीच्या मामानं दारूच्या भरात त्याच्या हातातून माईक काढून घेतला आणि त्याचंच गाणं त्याच्यासमोर बेसूर म्हटलं. आ-हो टाळ्या वाजवत उभा होता. 

अशा वेळी दिग्दर्शक सेटो साहेब आले. बस चालवणाऱ्या एका विधुराची गोष्ट होती. आजारानं झिजत झिजत मरतो, शेवटी त्याचा काळ्या फितीतला फोटो, पुढे उदबत्त्या. गाणं एकही नाही. आ-होनं संहिता वाचली आणि तो थेट माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. "ताई, हे माझं आहे गं. दुसऱ्या कुणी केलं तर मी जगू शकणार नाही."

आईला विचारायला आम्ही तिघं गेलो. ती चटणीच्या बरण्या पुसत होती. सेटो साहेबांनी अदबीनं सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"दंडाला लागेल असा आजार नाही का एखादा?" तिनं विचारलं.

"आई, थट्टा नको," आ-हो म्हणाला.

"थट्टा तूच करतोयस. फोटोपुढे उदबत्त्या लावणार! जिवंत माणसाच्या! नाही म्हणजे नाही."

"आणि आता काय जगतोय मी? लोक माझ्याकडे पाठ करून मासा खातात. रोज मरतोय मी, आई, तुला दिसत नाही एवढंच!"

तिनं बरणी आपटली. तो तसाच बाहेर पडला. नंतर बरेच आठवडे तो तिच्याकडे फिरकला नाही, मेजवान्यांतही गेला नाही. घरात पडदे ओढून बसायचा. मी डबा ठेवून यायचे, तो दुसऱ्या दिवशी तसाच असायचा. आईला मी हे सांगितलं, तेही चांगलं खडसावून सांगितलं. "एक मुलगा आजारानं नेला, दुसऱ्याला तू तुझ्या भीतीनं नेतेयस," असंही म्हणाले.  दुसऱ्या दिवशी तिनं गाडी लावली नाही, आणि मला म्हणाली, त्याला बोलाव.

तिनं त्याच्या आवडीचं कमळाच्या मुळ्यांचं सूप केलं होतं. तो प्याला. मग ती म्हणाली, "कर तो सिनेमा."

त्याचा चमचा हवेतच राहिला.

"पण ह्या दारातून बाहेर पडलास की मी तुझी आई नाही. काकू. घरात, बाहेर, पेपरात, सगळीकडे काकू. ज्योतिषी म्हणाला होता, तेव्हाच करायला हवं होतं. माझ्याच्यानं झालं नाही."

आ-होला हसू फुटलं. सुटकेचंच ते हसू. "एवढंच ना? काकू तर काकू! काकू, अजून थोडं सूप वाढा."

"ओ," म्हणून तिनं लगेच वाढलं, आणि भांडी घासायला आत गेली. भांडी तीन आणि वाट्या तीन, पण नळ कितीतरी वेळ वाहत होता. त्याला ते कळलं नाही. मला कळलं.

सिनेमा झाला. उदबत्त्या लागल्या. लाल पाकीट त्यानं स्टुडिओच्या दारातच सगळ्यांना थंड पेयं पाजून संपवलं, मी शेजारीच उभी होते. मग बक्षीस मिळालं. मंचावर त्यानं सेटो साहेबांचे, मेकअपवाल्याचे, अगदी बस चालवायला शिकवणाऱ्याचेही आभार मानले. आई हा शब्द नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, बक्षीस मिळताच आईला विसरला. मासळीवाली फून बाई पेपर घेऊनच गाडीवर आली. "काय हो चौथ्या काकू, वळकट्या विकून वाढवलंत, त्याचं हे फळ?"

"हो ना," आई म्हणाली. "कसला आलाय मुलगा. चटणी घालू?" फून बाई गेल्यावर मला म्हणाली, "बरं झालं छापून आलं. वर बसलेल्या देवांनीही वाचलं असेल."

आ-होला वाटलं होतं, सिनेमाबरोबर हेही संपेल. "झालं की आता," तो म्हणाला. "मी धडधाकट आहे. पुरे करू."

"ते काय पांघरूण आहे, थंडी सरली की घडी घालायला? चालू दे."

आणि चालूच राहिलं. आता त्याला मरणाच्याच भूमिका येऊ लागल्या. कधी कर्करोगानं, कधी समुद्रात बुडून. नाव झालं, मान मिळाला, आणि दर नव्या सिनेमाबरोबर तो शब्द आणखी लांब गेला. चुकून तोंडून निघालाच, तर ती ऐकूच आलं नाही असं दाखवायची, किंवा उठून जायची. नवीन वर्षाला तो चहाचा पेला दोन्ही हातांनी पुढे करून "काकू, घ्या" म्हणायचा, आणि त्याचा चेहरा बघवत नसे. कधी कधी तो माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, "ताई, तू हाक मार ना तिला." मी "आई" म्हणायचे. ती वळून बघायची, आणि तो तिचं ते वळणं बघत उभा राहायचा. पन्नाशी उलटलेला माणूस. मला दोघांचाही संताप यायचा. मुलीचं काही नसतं ना, म्हणून मी दिवसातून शंभरदा फुकट म्हणायचे ते त्याला एकदाही मिळत नव्हतं.

आईच्या फुप्फुसांत पाणी झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, भेटून घ्या. दुपार होती. इस्पितळाच्या जिन्यात आ-हो थांबला. "आज म्हणणार मी. मला काय व्हायचं ते होऊ दे."

"म्हण," मी म्हणाले. "मीही आहे."

ती शुद्धीवर होती, चांगली. त्यानं खाली वाकून हाक मारली. "आई."

ती छताकडे बघत राहिली.

"आई. मी आलोय."

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं त्याला ओळखलं होतं. ती म्हणाली, "अहो आजी, एवढा मोठा नट, तुमचा मुलगा हाक मारतोय!"

"माझा नाही तो," आई म्हणाली. श्वास पुरत नव्हता, तरी तिनं वाक्य पुरं केलं. "शेजारच्यांचा आहे. मला मुलगा नाही."

आ-हो रडायला लागला. पडद्यावर तो फार देखणा रडायचा. इथे नाक वाहत होतं आणि आवाज फुटत नव्हता. मला राहवलं नाही. मी ओरडले, "आई, आता तरी ओ दे त्याला! आता काय राहिलंय?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याच्या जिवावर उठलेय. मग भिंतीकडे तोंड फिरवलं.  भिंतीकडे वळलेल्या त्या एवढ्याशा पाठीवर हात ठेवायचं धाडस मला झालं नाही.

शेवटी आ-होनं बाहीनं तोंड पुसलं आणि अगदी हळू म्हणाला, "काकू."

ती लगेच वळली.

"काय रे बाळा? जेवलास का?"