हद्दीबाहेरचं घर

कुसुमावती आणि श्रीवत्स, दोघंही धारवाडच्या शाळांतून निवृत्त झालेली. मोकळी हवा हवी म्हणून त्यांनी हुबळीजवळच्या अमरगोळच्या पुढं, ओढ्यापलीकडं घर बांधलं. श्रीवत्सांना कंपवात जडला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "काही झालं तरी चालणं सोडू नका." म्हणून ते रोज सकाळी काठी टेकत ओढ्यापर्यंत जायचे.

गेल्या उन्हाळ्यात कुत्र्यांच्या टोळीनं त्यांना तिथंच पाडलं. पोटरीचा लचका तोडला. कुसुमावती धावत पोचल्या तेव्हा ते मातीत पालथे पडले होते, तोंडातून आवाज फुटत नव्हता.

जखम भरली, पण श्रीवत्स उंबरा ओलांडेनात. बाहेर भुंकणं ऐकू आलं की अंथरुणात अंग आकसून घ्यायचे. पाय लाकडासारखे होत चालले.

कुत्री पकडणारी शहराची गाडी ओढ्यावरच्या पुलापर्यंत यायची. कुसुमावतींनी गाडीवाल्यापुढं हात जोडले.

"इदु नम्म हद्दि अल्ल, अक्का," तो म्हणाला. ही आमची हद्द नव्हे. ग्रामपंचायतीकडं तर गाडीच नव्हती.

त्यांनी वकिली करणाऱ्या चुलतभावाला, प्रभंजनला गाठलं. "अरे, पत्त्यात हुबळी लिहितो आम्ही. मग आम्ही हुबळीचे नव्हे?"

"अक्का, आपल्या आजोबांच्या काळी हुबळीला बरो म्युनिसिपालिटी म्हणत. बरो म्हणजे आपला कारभार आपण बघायचा हक्क कायद्यानं दिलेलं शहर. आता महापालिका झाली, पण गोष्ट तीच. तो हक्क हद्दीपुरता. तुम्ही ओढ्यापलीकडं."

"कुत्र्यांना कळते का रे ही हद्द?"



ज्या दुकानापुढून जन्मभर नाकाला पदर लावून गेल्या, त्याच दुकानातल्या खाटकाकडून कुसुमावतींनी मांसाचे तुकडे घेतले. गाडी पुलाशी आली त्या सकाळी एकेक तुकडा टाकत त्या निघाल्या. टोळी मागं लागली. एकानं पदर धरून ओढला. त्यांनी मागं पाहिलं नाही. पूल ओलांडला आणि मागून जाळी पडल्याचा आवाज आला. मग त्या रस्त्याकडेला बसून भडाभडा ओकल्या.

"उठा हो, गेली ती," घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. त्या आठवड्यात श्रीवत्स त्यांचा हात धरून फाटकापर्यंत आले.

थोड्याच दिवसांनी गाडी पुन्हा पुलाशी थांबली आणि नसबंदी, लस झालेली कुत्री खाली उतरली. कुसुमावती ओरडत धावल्या.

"कायदाच आहे, अक्का. जिथं धरली तिथंच सोडायची," गाडीवाला म्हणाला.

संध्याकाळपर्यंत सगळी टोळी कुसुमावतींच्या फाटकाशी येऊन बसली. त्यांचा वास ओळखून, शेपट्या हलवत, तुकड्यांची वाट बघत.

श्रीवत्सांनी खिडकीतून पाहिलं. "आपल्याच दारात का आली गं?"

 कुसुमावतींनी खिडकी लावून घेतली. त्यानंतर श्रीवत्स अंथरुणावरून उठले नाहीत.