बारा अक्षरांची खूण

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढल्यावर, यंत्र कधी खोटं बोलत नाही असं माझं ठाम मत होतं. म्हणून घाटकोपरला आमच्या विहाराच्या माळ्यावरच्या अभ्यासिकेत वायफाय आलं, तेव्हा त्याचा कारभार मी कुणाला न विचारता माझ्याकडे घेतला.

कुठलाही फोन वायफायला जोडायला जातो, तेव्हा आधी आपली बारा अक्षर-आकड्यांची खूण सांगतो. प्रत्येकाच्या फोनची खूण मी वहीत उतरवली. एकाला एकच फोन, आणि पासवर्ड बाहेर द्यायचा नाही.

सकाळी सहाला मी दार उघडायचे, तेव्हा पोलीस भरतीचा अभ्यास करणारी एकच मुलगी हजर असायची. घरी एका खोलीत सहा माणसं. अभ्यासाला तिला दुसरी जागाच नव्हती. तिच्या वेळेला, जोडलेल्या फोनची जी यादी वायफायचं यंत्र दाखवतं, तिच्यात दर दोन-चार दिवसांनी नवीच खूण दिसू लागली. पाच झाल्या आणि माझं डोकं फिरलं. बाकीचे येईपर्यंत थांबले आणि सगळ्यांसमोर तिला उभं केलं.

"पासवर्ड कुणाकुणाला वाटलास गं?"

"मावशी, माझाच फोन आहे ना तो. शप्पथ."

"मग यादी खोटं बोलते का?"

ती पुस्तकं गोळा करून निघून गेली. परीक्षा महिन्यावर आली होती. मला जराही वाईट वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात लेकीने मला नवा फोन दिला. खोक्यावरची खूण मी ऐटीत वहीत लिहिली, फोन जोडला, तर यादीत भलतीच खूण! फोन बंद केला की ती गायब, चालू केला की परत हजर. मग सेटिंग उघडून वाचलं. कुणी माग काढू नये म्हणून नवे फोन आपली खरी खूण लपवतात आणि मनाने दुसरीच सांगतात. काही फोन तर तीही बदलत राहतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच चढण चढून तिच्या घरी गेले. दारातच म्हणाले, "चुकले गं मी."

"इथे नको, मावशी," ती म्हणाली. "बोललात तिथेच बोला."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले. तिने ऐकून घेतलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

परीक्षा होईपर्यंत ती रोज सहाला येत राहिली. मी दार उघडून सवयीने यादी बघायचे. खोलीत आम्ही दोघी असायचो, यादीत माझा एकटीचाच फोन.