शिफ्टचे बटण आणि एक उजवा हात

अर्जदार: मी, वय पन्नाशीच्या आतबाहेर, धंदा अर्ज लिहिणे, राहणार नंदुरबार. नाव लिहिलेले नाही. कचेरीच्या आवारात मला नावावाचूनही ओळखतात.
गैरअर्जदार: संगणकाचे कीबोर्ड बनवणारे, रंगवणारे आणि त्यांची किंमत ठरवणारे सर्व जण. पत्ता माहीत नाही.
घटनेची तारीख: एक नाही. दिवाळीनंतर सुरू झाली आणि होळीच्या आसपास संपली.
साक्षीदार: १) माझी पत्नी. २) कीबोर्ड विकणारा दुकानदार. ३) तोरणमाळकडचे एक आजोबा, ज्यांचा अंगठा कागदावर आहे.

महोदय,

सविनय सादर करतो की, गेली एकोणीस वर्षे तहसील कचेरीसमोरच्या पत्र्याच्या गाळ्यात मी अर्ज लिहितो. लिहितो म्हणजे मजकूर सांगतो; टायपिंग पत्नी करते. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले आहे. तथापि 'सबब' आणि 'उपरोक्त' हे शब्द कोठे बसवावेत, याबाबत या आवारात माझा हात धरणारा कोणी नाही, हे नम्रपणे नमूद करतो. पत्नी बारावी शिकलेली असून टायपिंगची परीक्षा पास आहे. ती बटणांकडे पाहत नाही. मी बोलत असतो, ती खिडकीतून बाहेर पाहत असते आणि बोटे आपली चालत असतात.

दिवाळी सरली आणि चार दिवसांनी तिला लकवा झाला. जीव वाचला, बोलणे परत आले, पायही हळूहळू चालू लागला. डावा हात मात्र मांडीवर पडून राहिला. दवाखान्यातून दिलेला रबरी चेंडू ती त्या हातात धरून बसे, आणि चेंडू घरंगळून खाली गेला की माझ्याकडे न पाहता म्हणे, "द्या इकडे."

त्या काळात टायपिंग मी स्वतः केले, एका बोटाने. तेव्हा मला एक गोष्ट समजली, जी एकोणीस वर्षे समजली नव्हती. माझे अर्ज परत येऊ लागले. कचेरीतील कारकून म्हणाला, "काका, यात तक्रार कोणाची आणि जमीन कोणाची, हेच कळत नाही. पूर्वी तुमचं कसं सरळ असायचं." घरी येऊन जुन्या प्रती काढल्या. मी सांगितलेली लांब वाक्ये तिने प्रत्येक वेळी मधून तोडून दोन केली होती. 'उपरोक्त' पुष्कळ ठिकाणी गाळला होता. मला एका शब्दाने कधी सांगितले नव्हते.

मी तिला म्हणालो, "तू परत गाळ्यावर चल."

ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "मन्हं काम गयं आते. दुसरी बाई ठेवा."

हे वाक्य तिने भाकरी करपली असे सांगावे तितक्या सहजपणे म्हटले. मी त्या दिवशी जेवलो नाही. अर्ज कोणीही टाईप करून देईल, हे मलाही ठाऊक होते. परंतु तिची खुर्ची रिकामी ठेवून मला तेथे बसता येत नव्हते, आणि ती घरात बसून आपण संपलो असे म्हणत होती. सबब मी ठरवले की एका हाताने चालेल असा कीबोर्ड शोधायचा.

आता कीबोर्डांविषयी. मी बाजारात तीन वेळा गेलो व जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे. काळा कीबोर्ड धूळ दाखवतो. आमच्याकडे फेब्रुवारीपासूनच रस्त्यावरची धूळ गाळ्यात येते, त्यामुळे काळा हा दुपारपर्यंत करडा होतो. पांढरा त्याहून वाईट, कारण अंगठा लावून झाल्यावर पक्षकार ते शाईचे बोट नेमके त्यावरच टेकतात. बटणांवर मराठी अक्षरे छापलेली मिळत नाहीत, स्टिकर लावावे लागतात. त्यातले काना आणि 'र' वर्षभरात पुसले जातात. 'ञ' मात्र अजून कोरा करकरीत आहे. किमतीचे मला कोडे सुटलेले नाही. साडेतीनशेच्या आणि अठराशेच्या कीबोर्डवर बटणे सारखीच असतात.

दुकानदाराने अठराशेचा दाखवला. "काका, हाऊ दखा. ह्याले लाल-हिरवी लाइट लागस. रातले बी दिसस."

मी म्हणालो, "कचेरी रातले बंद ऱ्हास."

"मंग पोऱ्यासले गेम खेळाले."

"माले खेळणं नही भाऊ, अर्ज लिखना शे. एक हातना मानूसले चाली असा दाखाड."

तो हसायचा थांबला. मग त्याने माळ्यावरून एक लहान कीबोर्ड काढला. उजवीकडची आकड्यांची बटणे त्याला नव्हती, त्यामुळे एका पंजाला कमी फिरावे लागेल, असे त्याने समजावले. रंग जांभळा होता, वांग्यासारखा. किंमत साडेआठशे. त्याने पन्नास कमी केले, मी मागितले नसताना.

पत्नीने तो मांडीवर घेतला, उजव्या हाताने सगळ्या बटणांवरून एकदा बोटे फिरवली. "रंग चांगला शे," ती म्हणाली. "पन शिफ्ट कोन दाबी?"

महोदय, येथे मी आपले लक्ष मूळ तक्रारीकडे वेधतो. आपण कीबोर्ड बनवताना आमच्या लिपीचा विचार केलेला नाही. आमची निम्मी अक्षरे शिफ्ट दाबल्याशिवाय निघत नाहीत. 'ख', 'थ', 'ध', 'भ', 'श', सगळी वरच्या मजल्यावर. 'अर्ज' हा शब्द लिहायचा तर पहिल्याच अक्षराला शिफ्ट लागते. एक बोट शिफ्टवर आणि दुसरे अक्षरावर, असे तिने करून पाहिले. दोन ओळींत पंजा थकला.

तेव्हा मी खुर्ची तिच्या डाव्या बाजूला ओढली. ती म्हणे "दाब", मी शिफ्ट दाबे. ती अक्षर मारी आणि म्हणे "सोड". एरवी ती मला अहो-जाहो करते. या कामात मात्र तेवढा वेळ नसे. दोन आठवड्यांत तिला ते दोन शब्दही बोलावे लागेनात. तिची करंगळी जराशी उचलली गेली की माझे बोट खाली जाई. मी मजकूर सांगत होतो आणि शिफ्टही दाबत होतो, आणि वाक्य ती कोठे तोडते हे प्रथमच जवळून पाहत होतो. ती तोडे, मी पुढचे वाक्य सांगे. लग्नाला सव्वीस वर्षे झाली, इतके जवळ बसून आम्ही कधी काही केले नव्हते.

होळीच्या आधी तोरणमाळकडचे ते आजोबा आले. वनजमिनीच्या दाव्याचा अर्ज होता. त्यांची पावरी बोली मला अर्धीच समजते, म्हणून सोबतच्या सुनेने मराठीत सांगितले. मी निम्मा मजकूर सांगितला आणि त्यांच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला गेलो. तेवढ्या गल्लीतली वीज गेली होती. परत यायला पाऊण तास लागला.

येऊन पाहतो तो अर्ज पूर्ण झालेला. आजोबा अंगठ्याला शाई लावून वाट पाहत होते.

"कोनी लिखा?" मी विचारले.

"मीच. अजून कोन शे आठे?"

मी नसल्यामुळे तिने वैतागून शिफ्ट पुन्हा पुन्हा दाबली होती, आणि पडद्यावर इंग्रजी चौकट आली होती. ती चौकट मला चांगली माहीत होती. मी एका बोटाने टाईप करत असताना ती रोज येई, आणि मी रोज 'नो' दाबून तिला हाकलून देत असे. शिफ्ट पाच वेळा दाबली की येते, एवढेच मला ठाऊक होते.

"तुम्हीन कधी वाची का ती?" पत्नीने विचारले.

मी वाचली नव्हती. एकोणीस वर्षे मी प्रत्येक पक्षकाराला सांगत आलो आहे की, अंगठा लावण्यापूर्वी कागद वाचून घ्या, येत नसेल तर वाचून घ्या कोणाकडून. तिने वाचली होती. त्यात लिहिले होते की शिफ्ट धरून ठेवण्याची गरज नाही. एकदा दाबून सोडा, मग अक्षर दाबा. 'यस' म्हटले की झाले. ही सोय साडेतीनशेच्या जुन्या कीबोर्डवरही होती, फुकट. ती एका हाताच्या माणसासाठीच केलेली होती.

आजोबांनी अंगठा लावला. जाताना ते पत्नीला पावरीत काहीतरी म्हणाले. सून म्हणाली, "म्हणतात, बाई एका हाताची, पण माझं सगळं लिहिलं." पत्नीने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मी पाहिले नाही. मीही दुसरीकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज गाळ्यावर येते. अर्ज परत येत नाहीत. यात तक्रार कसली, असे आपण विचाराल.

तक्रार अशी की, तिची करंगळी अजूनही उचलली जाते. माझे बोट सवयीने खाली जाते. आणि दोन बटणे एकाच वेळी दाबली गेली की आपली ती सोय आपोआप बंद पडते. संगणक टुंग करतो, ती माझ्याकडे पाहते. "हात मांगे ल्या," ती म्हणते, "तुम्हना हात लागना का हाई बंद पडस." मी हात मागे घेतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

दुकानदाराचे म्हणणे असे की, ही करामत कीबोर्डची नसून संगणकाची आहे, आणि ती बदलताही येते. मी त्याला बदलू दिलेले नाही. पत्नीला विचारले, तर तिनेही "ऱ्हाऊ द्या" एवढेच म्हटले. तरीही अर्ज मी आपणाकडेच करतो, कारण बटणे आपलीच आहेत.

सबब विनंती की, एका हाताच्या माणसाशेजारी दुसरे कोणी बसलेले असू शकते, ही गोष्ट यापुढे बटणे करताना विचारात घ्यावी. दोघांचे बोट एकदम पडले तर तो गुन्हा धरू नये. याबाबत आपला जो निर्णय होईल तो मराठीत व लहान वाक्यांत कळवावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
अर्जदार