गंजीवरची तोंडी परीक्षा

कडब्याचा वास आला, की मला कोरोनातली तोंडी परीक्षा आठवते. कॉलेज बंद होतं आणि तेर गावाजवळच्या आमच्या शेतात मोबाइलला रेंज फक्त कडब्याच्या गंजीवर यायची. घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळं नापास व्हायची धास्ती होती. मी वर बसून अडखळत उत्तर देत होतो, खाली आई म्हशीची धार काढत होती. "मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही," सर फोनच्या स्पीकरवरून म्हणाले. मी आवाज चढवला, तशी म्हैस बिचकली. "हळू बोल की रं, म्हैस पान्हा चोरायली!" आई खालून म्हणाली. ते ऐकून सर हसले. "आधी धार होऊ दे, मग सांग." बादली भरल्यावर आईनं वर बघितलं, "हं, आता बोल मोठ्यानं, सर कवाचे थांबलेत!" आजही वर्गात बोलायला उभं राहिल्यावर आवाज बारीक निघतो, मग आई खालून बघतेय असं वाटतं, आणि मी मोठ्यानं बोलतो.