हात लावून पाहणारा डॉक्टर

पातूरला बाबांचा दवाखाना होता आणि त्यांची ख्याती एकच, की हा डॉक्टर हात लावून पाहतो. नाडी धरायची, पोट दाबायचं, पापणी ओढून बघायची. तेवढं झालं नाही तर आमच्याकडचा पेशंट 'काही पाह्यलंच नाही' म्हणत तोंड वाकडं करून जातो. करोनात शाळा बंद पडल्या आणि मी, अमरावतीची मास्तरीण, माहेरी येऊन राहिले, तेव्हा बाबांचं काम जवळून पाहिलं. मास्क लावायचे, नाही असं नाही. पण समोरच्याला ऐकू गेलं नाही की मास्क हनुवटीवर! बोलून झालं की त्याच हातानं वर, आणि त्याच हातानं पुढच्याची नाडी. मी चिडले की म्हणायचे, "तू खडू धर, मी नाडी धरतो."

बरं, माहीत नव्हतं म्हणावं तर गावभर सांगत फिरणारे तेच, की चव गेली तर घरात बसा अन् तपासणी करा.

एका सकाळी जेवताना त्यांनी आईला विचारलं, "भाजीत मीठ काहून नाही टाकलं?" मीठ होतं. मी म्हटलं, "बाबा, चव गेली तुमची."

"चव तुया आईच्या हाताची गेली," म्हणाले, तापाची गोळी गिळली आणि निघाले की दवाखान्यात!

मी मागोमाग गेले. बाक भरलेला. दारातूनच सांगितलं, "डॉक्टरांना बरं नाही, दवाखाना बंद आहे."

"डॉक्टर मी आहो का तू?" बाबा कडाडले. ओरडायला मास्क खाली घेतला आणि त्यातच ठसका लागला. तो थांबेचना. बायांनी पदर नाकाला लावले, माणसं उठून भिंतीला टेकली. या लोकांनी आजवर त्यांच्या तोंडावर खोकलं होतं आणि बाबा कधी मागे सरकले नव्हते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ते बाहीत तोंड खुपसून घरी आले.

तपासणीत करोनाच निघाला. मागच्या खोलीतून बाबा आठवून आठवून सांगत होते, कोणाकोणाला हात लावला, आणि मी फोन करत होते. जो तो विचारायचा, "साहेबाले बरं हाये ना?" अरे, एखादी तरी शिवी हासडा!

भीती एकीचीच होती. पानठेलेवाल्याची सून, दिवस भरत आलेली. आदल्याच दिवशी बाबांनी तिचं पोट तपासलं होतं, आणि सासूला नीट समजावं म्हणून मास्क खाली घेऊन बराच वेळ बोलले होते. ती आणि बाळ दोघंही पुढे सुखरूप राहिले, हे आधीच सांगते, नाहीतर मला हे लिहिताच आलं नसतं.

चौथ्या दिवशी तिच्या सासूचा फोन आला. सुनेला ताप भरला होता. मी फोन स्पीकरवर टाकून बाबांच्या दाराशी धरला.

बाबा आतून म्हणाले, "बाई, माह्यापासूनच लागलं तिले. चुकलो मी."

"थे समजलं आमाले, साहेब," ती म्हणाली. "पण आता दाखवू कोणाले? आमी तं तुमच्याबिगर कोणाले वळखत नाही."