मान धरेपर्यंत झोळी नाही

आमच्या गावात घर बांधायला घेतलं की गवंडी आधी विचारतो, भिंतीत आकडे कुठे बसवू? खिडकी कुठे हवी ते नंतर. झोळी टांगायला आकडे नसतील तर माणसं झोपणार कुठे? आणि घरात कुणाला दिवस गेले की घरची मोठी बाई निकानोरा कानुलच्या अंगणात जाऊन उभी राहते. गेली तीस वर्षं या गावातल्या बाळांच्या झोळ्या तिनेच विणल्या. माझ्या तिन्ही पोरांच्याही.

तिचं घर माझ्या मक्याच्या गिरणीसमोर. गिरणीत रांगेला उभ्या राहिलेल्या बायकांना ती आंबट संत्र्याच्या झाडाखाली विणताना दिसते. तिच्याकडे लाकडाच्या दोन चौकटी होत्या. एक पुरुषभर उंचीची, मोठ्या झोळ्यांसाठी. दुसरी लहान, फक्त बाळझोळ्यांची. ती तिच्या नवऱ्याने वारायच्या वर्षभर आधी करून दिलेली. बाळझोळीची वीण ती इतकी दाट घालायची की जाळीत बाळाचं बोटसुद्धा शिरू नये. एखादा पदर सैल गेला की तीन दिवसांचं काम उसवून टाकायची. मी एकदा म्हटलं, "अगं, कुणाला दिसतंय?" तर म्हणाली, "मिर्ना, ज्याला दिसेल त्याला बोलता येत नाही अजून."

तेओफिला पोओत तिच्याकडे गेली ती मे महिन्यात. उन्हाने भिंती तापलेल्या, विहिरीचं पाणीसुद्धा कोमट. तेओफिलाची सून लँडी शिवणकारखान्यात कामाला. सातव्या महिन्यातच तिला कळा सुरू झाल्या आणि मेरिदा शहरातल्या इस्पितळात मुलगी झाली. पोर महिनाभर काचेच्या पेटीत होती. घरी आणली तेव्हा दोन किलोच्या थोडी वर. आरेली नाव ठेवलं. लँडीचा नवरा विल्बर्थ समुद्राकाठच्या हॉटेलांच्या बांधकामावर, शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. म्हणजे घरात राज्य तेओफिलाचं.

"सुती दोरा घाल," तेओफिलाने फर्मावलं. "पिवळा आणि हिरवा. गुलाबी नको, गावातल्या सगळ्या पोरी गुलाबीतच लोळतात."

"उद्या येऊन आकड्यांमधलं अंतर बघते," निकानोरा म्हणाली.

"बघायचंय काय त्यात? तुझ्या हातच्या चार झोळ्या टांगल्यात माझ्या घरात."

"त्या मोठ्यांच्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मीही बरोबर गेले. बाळंतिणीला पेज करायला ताजं दळलेलं पीठ द्यायचं होतं. लँडी मागच्या अंगणात कपडे धूत होती. बाळ आतल्या खोलीत आजीच्या मोठ्या झोळीत होतं, आणि तेओफिला पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून झोका देत स्वतः पेंगत होती. निकानोरा माप घ्यायची पट्टी हातात घेऊन आत गेली आणि जागीच थांबली. मला वाटलं, साप बघितला की काय. मग तिने पट्टी टाकली, पोरीला दोन्ही हातांनी उचललं आणि मान सरळ करून आपल्या हातावर आडवं धरलं.

"काय झालं गं?" तेओफिला दचकून उठली.

"हनुवटी बघ. छातीत रुतली होती. आणि ओठ बघ."

मी वाकून पाहिलं. ओठ उसासारखे जांभळट झाले होते. नाकपुड्या फुलत होत्या. निकानोरा तिला तशीच आडवी धरून उभी राहिली. थोड्या वेळाने पोरीने लांब श्वास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायला लागली. ओठांवर रंग आला. तोवर लँडी साबणाच्या हातांनीच धावत आली होती.

"आधी दवाखान्यात ने हिला," निकानोरा तिला म्हणाली. "लगेच. आणि तेओफिला, मी झोळी विकत नाही तुला."

"म्हणजे?"

"म्हणजे पोर मान धरेपर्यंत नाही. झोळीत पोर वाकतं. धडधाकट पोर मान फिरवून घेतं, हिच्या मानेत तेवढा जोर नाही. सपाट जागेवर, पाठीवर झोपव."

"सपाट जागा कुठंय माझ्या घरात? जमिनीवर टाकू? मुंग्यांना घालू? विंचवांना?"

निकानोरा पट्टी उचलून घरी आली.

दवाखान्यातल्या डॉक्टरणीने पोरीला तपासलं आणि तेच सांगितलं. खरं तर तिने इस्पितळातून आल्या दिवशीच सांगितलं होतं, पण ती राजधानीकडची, जन्मात झोळीत न झोपलेली; तिचं बोलणं तेओफिलाने पावसाच्या अंदाजासारखं ऐकून सोडून दिलं होतं. निकानोराला मात्र झोळीतलं कळत नाही असं कोण म्हणणार? म्हणून तेओफिलाने दुसरं काढलं. तिसऱ्या दिवशी माझ्या गिरणीत, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोर छान झोपलं होतं. ही बाई घरात शिरली, डोळे वटारून बघितलं, आणि पोर निळं पडलं. दृष्ट कशी लागते ते मला शिकवू नका."

रांगेतल्या दोघींनी आपल्या पोटावर हात ठेवले. हेच वाईट. मी मधे पडले, "तेओफिला, मी होते तिथे. ती आत गेली तेव्हाच—"

"तू तिची शेजारीण. तू काय सांगणार?"

त्या आठवड्यात दोघींनी निकानोराला दिलेलं काम परत घेतलं. दोघीही गरोदर होत्या. निकानोरा सगळं समोरून बघत होती, पण मोठ्या चौकटीवर विणत राहिली. तेओफिलाने बाजारातून नायलॉनची स्वस्त झोळी आणून टांगली. लँडीने पोर तिच्यात घालायला नकार दिला. मग ती रात्रभर स्वतःच भिंतीला पाठ टेकून बसायची, बाळ मांडीवर सपाट धरून, आणि सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी मका घेऊन माझ्याकडे यायची. एकदा बादली खाली ठेवता ठेवता उभ्याउभ्या झोपली.

ते निकानोराने पाहिलं. त्याच दुपारी मला समोरून हातोडीचे आवाज आले. जाऊन बघते तर तिने लहान चौकट मोडली होती. नवऱ्याने केलेली, सापोते झाडाच्या टणक लाकडाची. चारी दांडे आडवे घालून ती त्यावर फळ्या ठोकत होती. कोपऱ्यांना हातभर उंचीचे पाय लावले होते.

"अगं, वेडी झालीस का? बाळझोळ्या कशावर विणशील?"

"विणणार नाही."

"आणि खाशील काय?"

"मोठ्या झोळ्या आहेत की. खिळा दे तो."

"तिने गावभर तुझी बदनामी केली!"

"तिने केली. पोरीने काय केलंय?" मग खिळा तोंडात धरून पुटपुटली, "शिवाय, मिर्ना, मीही आधी कधी विचारलं नव्हतं. तीस वर्षं मी बाळ न बघता झोळ्या दिल्या. नशीब माझं, कुठलं पोर दगावलं नाही."

बाज संध्याकाळी आम्ही दोघींनी उचलून नेली. तेओफिला दारातच उभी राहिली. निकानोराने तिच्या बाजूने बाज आत सरकवली, चारी पाय पाणी भरलेल्या डब्यांत ठेवले, म्हणजे मुंगी चढायला नको, वर पातळ गादी कडेपर्यंत ताणून बसवली. उशी नाही, चादर नाही. वाऱ्यासाठी दोन दारांच्या मधे ती नेमकी कुठे ठेवायची ते तीन वेळा सरकवून ठरवलं. लँडीने पोरीला पाठीवर निजवलं आणि शेजारच्या झोळीत जी आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावरच उठली.

"फुकटात आलीय वाटतं," तेओफिला म्हणाली.

"चौकट माझी आहे. काम झालं की परत नेईन," निकानोरा म्हणाली.

पुढचे महिने ती रोज एकदा जाऊन यायची. पोरीला पोटावर घालून समोर दोऱ्याचं लाल रीळ धरायची, मान उचलते का बघायची. तेओफिला तोवर पाठ फिरवून बसायची. पहिल्यांदा मान वर आली ती जुलैमध्ये. दोन क्षण टिकली आणि नाक गादीवर आपटलं. ऑगस्टात पोर मान ताठ धरून घरभर बघायला लागली. डॉक्टरणीने वजन केलं, साडेपाच किलो. म्हणाली, आता दिवसा, कुणीतरी जवळ बसलेलं असताना झोळी चालेल, रात्री मात्र बाजच.

तेओफिला दुसऱ्याच सकाळी गिरणीत आली. रांगेत निकानोरा नेमकी तिच्या पुढे. तेओफिला भिंतीकडे बघत म्हणाली, "पिवळा दोरा आहे का अजून?"

"तुझ्याकडे बाजारातली आहे ना?"

"तिच्यात मी कांदे ठेवते."

रांगेतल्या बायका हसल्या. निकानोराही हसली, पण लगेच म्हणाली, "सुती घेशील तर पैसे पूर्ण घेईन. एक पेसो कमी नाही."

"मी कधी म्हटलं कमी कर?" आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मागच्यापेक्षाही मोठ्याने, तेओफिला म्हणाली, "माझ्या नातीला दृष्टबिष्ट लागली नव्हती. मी झोका देताना झोपले होते. झालं समाधान? आता दळा मका, उशीर होतोय."

पण विणायला दिवसा चौकट निकानोराकडे आणि पोरीला रात्री बाज तेओफिलाकडे, असं कसं जमणार? लँडीने विल्बर्थला फोन केला आणि त्या शनिवारी तो बांधकामावरच्या फळ्या घेऊन आला. त्याने पोरीची नवी बाज ठोकली आणि जुने दांडे खिळे काढून, घासून परत नेऊन त्यांची चौकट जोडून दिली. झोळीला निकानोराने तीन आठवडे घेतले.

आमच्याकडे मुलीला तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा कडेवर घ्यायचा विधी करतात. आरेली घाईने आली होती म्हणून तो सहाव्यात केला. कडेवर घेणारी धर्ममाता कोण, यावर घरात भांडण होईल असं मला वाटलं होतं. लँडी काही बोलायच्या आत तेओफिलाच निकानोराला म्हणाली, "उभी काय राहिलीस? घे की. तुझ्याएवढं कुणी पाहिलंय तिच्या मानेकडे?" निकानोराने पोरीला कडेवर बसवलं आणि टेबलाभोवती नऊ फेऱ्या घातल्या. पुढे ही कामं यावीत म्हणून एकेका फेरीला पोरीच्या मुठीत पेन्सिल दिली, सुई दिली, वही दिली. पोरीने वही चाटली. भोपळ्याच्या बिया आणि उकडलेली अंडी सगळ्यांना वाटली.

तेव्हापासून निकानोराकडे झोळी मागायला कुणीही गेलं की ती आधी बाळ दाखवायला सांगते. पोटावर घालते, रीळ धरते. मान उचलली तर दोऱ्याचा रंग विचारते, नाहीतर बाजेचं माप सांगून सुताराकडे पाठवते. गेल्या महिन्यात शहरातून मोटारीने आलेल्या एका जोडप्याने दुप्पट किंमत देऊ केली. त्यांचं बाळ बारा दिवसांचं होतं.

"तीन महिन्यांनी या," ती म्हणाली.

"आम्ही दुसरीकडून घेऊ," नवरा म्हणाला.

"घ्या. पण मान धरेपर्यंत कांदे ठेवा तिच्यात."

बाई हसली. नवरा हसला नाही. निकानोराने त्यांना बसवून सरबत दिलं आणि बाळाची हनुवटी छातीला टेकू न देता मोटारीत कसं ठेवायचं ते बाईला दोनदा करून दाखवलं. मग ती झाडाखाली परत येऊन विणायला बसली.